भिंत ते दालन: खान्देशातून स्ट्रीट आर्टची प्रदर्शनं, पुस्तकं आणि कलाकार गाठायचे कसे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणाला स्ट्रीट आर्टची, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांची आणि अक्षरांची, गोडी लागली की एक तक्रार हमखास ऐकू येते: आपल्याकडे आहेच काय भो? मोबाइलवर दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या रंगवलेल्या भिंती दिसतात, आणि घराबाहेर पडलं की समोर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. प्रदर्शन कसं बघायचं, पुस्तक निवडताना काय तपासायचं, कलाकाराशी बोलायचं कसं, आणि हुरूप टिकला तर आपल्याच गावात छोटंसं प्रदर्शन कसं भरवायचं, एवढं यात मिळेल.

पुढचं सगळं एका प्रश्नावर उभं आहे, तो आधी सांगतो. दालनात, म्हणजे गॅलरीत टांगलेल्या कामासमोर उभं राहिलं की विचारायचं, "याची भिंत कुठली?" ती कुणाच्या मालकीची होती, परवानगी घेतली होती का, आज तिथे काय आहे? उत्तर मिळालं तर काम उलगडतं. कुणालाच उत्तर देता आलं नाही, तर समजायचं की हे स्टुडिओत बसून काढलेलं चित्र आहे आणि रस्त्याचं नाव त्याला नंतर चिकटलंय. तसं चित्र वाईटच असतं असं नाही. पण त्याची पारख साध्या चित्रासारखीच करावी, रस्त्याचे वाढीव गुण देऊ नयेत.

आधी आपल्याच गल्लीत

मुंबईचं तिकीट काढण्याआधी दोन-तीन रविवार सायकल किंवा गाडी घेऊन आपल्याच तालुक्यात फिरा. जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती, स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी नगरपालिकेने रंगवून घेतलेल्या संरक्षक भिंती, ठिबक, सिमेंट आणि बियाण्यांच्या हाताने रंगवलेल्या जाहिराती, मंडळांच्या फलकांवरची अक्षरं, एसटी स्टँडच्या मागची बाजू. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वहीत टिपा: भिंत कुणाची, पैसे कुणी दिले, सही आहे का.

सही बहुतेक वेळा सापडेल. खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि जुना मोबाइल नंबर. फ्लेक्स आल्यापासून या मंडळींचं काम खूप आटलं, पण गावोगाव एखादा तरी माणूस अजून ब्रशने जाडबारीक देवनागरी अक्षरं सरळ भिंतीवर उतरवतो. त्याला जाऊन भेटा. दोरीला खडूची पूड लावून सरळ रेघ कशी मारतात, लहान चित्रावर चौकोन आखून ते वीस फूट भिंतीवर कसं वाढवतात, हे तो दहा मिनिटांत दाखवेल. मोठमोठी भित्तिचित्रं काढणारे कलाकारही चौकोनांची हीच युक्ती वापरतात, कुणी प्रोजेक्टर लावतात. माझ्या मते खान्देशातल्या नवख्याने पहिली कलाकार-भेट पेंटरकाकांची घ्यावी. "काका, हाई कोनी काढं?" एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पक्षांनी रंगवलेल्या भिंतींवर रातोरात चुना फिरतो, तेही बघून ठेवा. रस्त्यावरचं काम किती दिवस जगतं आणि कोण मारतं, याचा धडा त्याहून स्वस्तात मिळत नाही.

याच भागात आणखी दोन जागा आहेत. अजिंठा आपल्या उंबऱ्यावर आहे. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण रेल्वेने येणारं जग जळगावलाच उतरतं आणि तिथून साधारण ६० किलोमीटर जातं. सोमवारी लेणी बंद असतात, फ्लॅश चालत नाही. चित्रांतले चेहरे सगळेच बघतात, तुम्ही जिथे रंगाचा थर निघालाय ती जागा बघा. खडकावर माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. रंग टिकतो की पडतो हे आधी भिंतीच्या तयारीवर ठरतं, आणि स्प्रे कॅनवाल्यालाही त्यातून सुटका नाही.

दुसरी जागा चाळीसगाव. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचं स्टेशनजवळचं राहतं घर आज संग्रहालय आहे. स्ट्रीट आर्टशी त्यांचा संबंध नाही. पण टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी घेतलेली छायाचित्रं नीट पाहिली की मांडणी आणि उजेड यांनी कामाचं काय होतं ते कळतं, आणि प्रदर्शन बघताना निम्मं बघायचं असतं ते हेच. शिवाय वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता खान्देशात बसून एखाद्याने केवढं काम करून ठेवलं, हेही दिसतं. "आपल्याकडे आहेच काय" म्हणणाऱ्याने तिथे एक चक्कर मारावीच.

थोडी ओळख, म्हणजे दालनात बावरायला होत नाही

परवानगीने, ठरवून काढलेलं मोठं भित्तिचित्र म्हणजे म्युरल. ग्राफिटी मुळात अक्षरांची कला: नावाची झटपट सही म्हणजे टॅग, तेच मोठं, रंगीत, गुंतागुंतीचं केलं की पीस. पुठ्ठा किंवा प्लास्टिक कापून त्यावरून रंग फवारला की स्टेन्सिल. कागदावर आधी काढून खळीने भिंतीला चिकटवलं की पेस्ट-अप. दालनात यांपैकी काहीही कॅनव्हासवर, प्लायवर, जुन्या पत्र्यावर किंवा छापील प्रिंट म्हणून समोर येईल. सुरुवातीला एवढं पुरतं.

मुंबई-पुण्याची फेरी कशी आखायची

कलाकार आणि दालनं सोशल मीडियावरच घोषणा करतात, आणि त्या बऱ्याचदा आठ-दहा दिवस आधीच येतात. म्हणून पाच-सहा कलाकार, दोन-तीन दालनं आणि स्टार्ट इंडिया फाउंडेशन एवढ्यांना फॉलो करून ठेवा. ही संस्था २०१४ पासून देशभर भिंती रंगवून घेते. लोधी कॉलनीचं काम त्यांचंच. मुंबईत ससून डॉकच्या मासळी बंदरात २०१७ मध्ये त्यांनी भरवलेलं प्रदर्शन पुष्कळांना आठवत असेल. बंदर, गोदामं आणि तिथला वास, सगळंच त्या प्रदर्शनात सामील होतं. दरवर्षी नेमाने येतो तो काळा घोडा कला महोत्सव, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तो १९९९ मध्ये सुरू झाला. तिथे गर्दी मरणाची असते, तेव्हा मधला वार निवडा.

आपल्याला रेल्वेची साथ आहे. भुसावळहून मुंबई ४४४ किलोमीटर. रात्री भुसावळ, जळगाव किंवा चाळीसगावहून बसलं की सकाळी मुंबई. नंदुरबार, अमळनेरकडच्यांना ताप्ती लाइनने सुरतमार्गे वांद्र्याला उतरणं सोयीचं. म्हणून दिवसाची आखणीही उतरण्याच्या जागेवरून करा. वांद्र्याला उतरलात तर सकाळी ऊन चढायच्या आत चॅपल रोडच्या रंगवलेल्या गल्ल्या पायी फिरा. चित्रकार रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये वांद्र्यातल्या एमटीएनएलच्या इमारतीवर काढलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या चित्राची जागाही विचारून घ्या. नंतर लोकलने माहीमला उतरून पूर्वेच्या बाजूच्या रंगवलेल्या इमारती बघा. दुपारचं ऊन दालनात काढायचं: जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर बसून काम विकणाऱ्या चित्रकारांनाही अर्धा तास द्या, रस्ता आणि दालन यांच्यात तिथे एका दाराचं अंतर आहे.

पुण्याला ट्रॅव्हल्सने रात्रीत पोचता येतं. कसबा पेठेत २०१२ पासून चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने जुन्या वस्तीच्या भिंती रंगल्या. त्यातलं किती शिल्लक आहे ते चालत फिरूनच कळतं. जुनी वस्ती पाडून टॉवर उभा राहिला की चित्रही जातं.

लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढताना घरातल्यांना आधी विचारा. रंगवलेली वस्ती म्हणजे दालन नव्हे, तिथे कुणाची तरी न्हाणी असते.

दालनात शिरल्यावर

आत जायला ओळख लागत नाही, कोट लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. खान्देशी माणूस काचेचं दार बघून बाहेरूनच परततो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. ढकला आणि आत जा. उद्घाटनाची संध्याकाळ कलाकार भेटण्यासाठी चांगली, चित्रं बघण्यासाठी वाईट. दोन्ही हवं असेल तर उद्घाटनाला जाऊन ओळख करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या दालनात पुन्हा जा.

पहिली फेरी पाट्या न वाचता मारा. दुसऱ्या फेरीत पाटी वाचा: नाव, साल, माध्यम, माप. "कॅनव्हासवर स्प्रे पेंट, २०२३" एवढंच असेल तर आपला ठरलेला प्रश्न काउंटरवरच्या माणसाला विचारायचा. काही प्रदर्शनांत मूळ भिंतीचा फोटो आणि रंगवतानाचा व्हिडिओ लावलेला असतो. मला अशी प्रदर्शनं जास्त प्रामाणिक वाटतात. काम भिंत मागे सोडून आलंय, हे त्यात लपवलेलं नसतं.

पाटीशेजारी लाल ठिपका असला तर काम विकलं गेलंय. किमती पाटीवर नसल्या तर यादी मागायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रिंटवर खाली पेन्सिलीने १२/५० असं दिसेल: एकूण पन्नास प्रती, ही बारावी. सही, आकडा आणि खरेदीची पावती या तिन्ही गोष्टी असतील तरच प्रिंट घ्या.

किमतींबद्दल एक किस्सा प्रत्येक नवख्याला ऐकायला मिळतोच, म्हणून तो नीट सांगतो. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात, नाव लपवून काम करणारा इंग्लंडचा स्ट्रीट आर्ट कलाकार बँक्सी याचं फुगेवाल्या मुलीचं चित्र दहा लाख पाउंडांच्या वर गेलं आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने ते अर्धं कातरलं. लिलाव व्यवस्थेला मारलेली ही चपराक होती म्हणतात. झालं काय, तर तेच कातरलेलं चित्र २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८६ लाख पाउंडांना गेलं. बाजार चपराकही विकत घेतो. तेव्हा "हे बंडखोर काम आहे" असं सांगून कुणी किंमत चढवत असेल तर हसून यादी परत द्या.

पुस्तकं

या विषयात पुस्तकाला जास्तीचं महत्त्व आहे, कारण काम पुसलं जातं आणि फोटो उरतो. मार्था कूपर आणि हेन्री चालफंट यांचं १९८४ चं ‘सबवे आर्ट’ याचं ठळक उदाहरण. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे तेव्हा रात्री रंगवले जायचे, नंतर रेल्वेने धुऊन काढले, आणि मे १९८९ मध्ये रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढली. ते डबे आता त्या फोटोंत आहेत. जगभरातल्या पोरांनी अक्षरं त्याच पुस्तकावरून गिरवली. (भुसावळकरांनो, आपल्या यार्डातल्या डब्यांकडे बघून हात शिवशिवला तरी आवरा. तो सरळ गुन्हा आहे आणि आरपीएफवाले कलासमीक्षक नाहीत.)

नवं पुस्तक घेताना फोटोंखालच्या ओळी तपासा. शहर, साल, जागा, कलाकार हे चारही दिलेले असतील तर पुस्तक कामाचं. नुसती रंगीत पानं आणि "प्रेरणादायी भिंती" असला मजकूर असेल तर ते टेबलावर ठेवायचं पुस्तक, शिकायचं नव्हे. परदेशी पुस्तकं महाग पडतात. त्यावर तीन उपाय आहेत. मुंबईला गेलात की फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळा. प्रदर्शनाचा कॅटलॉग मिळत असेल तर तो आधी घ्या, कारण नंतर तो सहसा कुठेच मिळत नाही. आणि गावातल्या वाचनालयाकडे लेखी मागणी नोंदवा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय असो की अमळनेरचं पूज्य साने गुरुजी ग्रंथालय, सभासदाची लेखी मागणी असली की ग्रंथपालाला खरेदीच्या यादीत नाव घालायला आधार मिळतो. चार-पाच जणांनी मिळून एकच नाव मागितलं तर उत्तम.

झीन म्हणजे कलाकाराने स्वतः छापून, घडी घालून, पिना मारून विकलेली छोटी पुस्तिका. शंभर-दोनशे रुपयांत ती मिळते. नवख्याने महागड्या प्रिंटऐवजी झीनवर पैसे घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रीचे पैसे थेट कलाकाराच्या हातात पडतात आणि आपल्याला त्याची विचार करण्याची पद्धत घरी नेता येते.

कलाकाराशी बोलताना

ओळख नसली की दादा, ताई, सर, मॅडम यांपैकी जे तोंडात बसेल ते वापरा. काही कलाकार मुद्दाम खरं नाव लपवतात, जसा ‘डाकू’ या टोपणनावाने काम करणारा दिल्लीचा कलाकार. त्यांचं नाव-गाव खोदून काढू नका, चेहऱ्याचा फोटो टाकू नका. "हे काढायला किती वेळ लागला?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी, भिंत कशी मिळाली? काम चालू असताना शेजारपाजारचे काय म्हणाले? पहिल्या पावसानंतर काय झालं? असं विचारा, मग माणूस खुलतो. स्वतःची वही दाखवायची असेल तर रांग सरल्यावर, दोन पानं, आणि एकच नेमका प्रश्न.

"आमच्या गावात या, एक भिंत फुकट काढून द्या, जेवणाची सोय करतो" हे मात्र बोलू नका. शेवभाजी कितीही झणझणीत असली तरी तिच्यात रंगाचे पैसे निघत नाहीत.

फोटोंचंही ध्यानात ठेवा. आठवण म्हणून काढलेला, कलाकाराचं नाव देऊन टाकलेला फोटो सहसा कुणी मनावर घेत नाही. पण तोच टी-शर्टवर, कॅलेंडरवर किंवा दुकानाच्या जाहिरातीत छापायचा असेल तर लेखी परवानगी हवी. सार्वजनिक जागेतली इमारत किंवा शिल्प यांच्या छायाचित्राला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जी सूट आहे, ती भिंतीवरच्या चित्राला तशी सरळ लागू होत नाही. मुंबईतलं एक म्युरल एका विमा कंपनीने जाहिरातीत वापरलं, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये कंपनीला ऑनलाइन जाहिरात उतरवायला सांगितलं गेलं. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार काम विकल्यानंतरही त्यावरचं नाव आणि त्याची मोडतोड न होण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, ५ लाख रुपये भरपाईसह.

गावात छोटं प्रदर्शन भरवायचं असेल तर

महिना निवडण्यापासून सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा कुत्रंही प्रदर्शनाला येणार नाही. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी बरा, लग्नाच्या दाट तिथी टाळून. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेही याच दिवसांत. मोठं दालन शोधत बसू नका. वाचनालयाचा हॉल, कॉलेजची मोकळी वर्गखोली, बिनलग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाचा व्हरांडा, काहीही चालतं.

भाग घेणारे तीन-चार जण पुरेत, आणि त्यात गावातला पेंटर असलाच पाहिजे. त्याच्या नावाची पाटी बाकीच्यांच्या मापाचीच हवी, त्याला मानधनही. कामं ६ बाय ४ फुटी प्लायवर करून घेतली की टेम्पोत बसतात आणि भिंतीला खिळे लागत नाहीत. शेजारी एका टेबलावर वाचनालयाकडून मागितलेली पुस्तकं आणि झीन ठेवा, पुस्तक दोरीने बांधू नका, शेजारी एक पोरगं बसवा. संध्याकाळी सहानंतर कलाकाराशी गप्पा. प्रमुख पाहुणे, सत्कार, नारळ हे सगळं वीस मिनिटांत आटपा, नाहीतर कलाकाराच्या वाट्याला आभारप्रदर्शन उरतं.

प्रत्यक्ष भिंत रंगवायची असेल तर कागद आधी, रंग नंतर. खाजगी भिंतीला मालकाचं सहीचं संमतिपत्र, त्यात चित्राचा नमुना जोडलेला. पालिकेची भिंत असेल तर जळगाव-धुळ्याला महापालिकेकडे आणि इतरत्र नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि पोच घ्यायची. तोंडी "काढा रे, काही होत नाही" यावर विसंबू नका. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला बंदी घालणारा १९९५ चा राज्य कायदा आहे आणि त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

भिंत शक्यतो उत्तरेकडची किंवा झाडाच्या सावलीतली घ्या. आपल्याकडचं पश्चिमेचं ऊन लाल-पिवळा लवकर खातं. पोपडे खरवडून, ओल तपासून, प्रायमर मारून मगच बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग. दोन हातांना लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धरा, म्हणजे १० बाय १० च्या भिंतीला पार्श्वभूमीचेच दोन लिटर. वर चढायला शिडीपेक्षा बांबूची परांची बरी, आणि ती मिस्त्रीकडूनच बांधून घ्या. स्प्रे कॅन वापरणाऱ्याला चांगला मास्क हवा, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

लहान मुलांची कार्यशाळा ठेवायची तर पेस्ट-अपसारखं सोपं काही नाही. एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवायचा, चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून घोटायचा, गार झाला की खळ तयार. पोस्टर चिकटवणारे कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात, तो विषारी असतो, मुलांच्या खळीत अजिबात नको. कागदाच्या मागे एक हात, भिंतीवर एक हात, आणि चिकटवल्यावर वरून पुन्हा एक.

प्रदर्शन संपल्यावर लगेच हिशेब मिटवा: विकलेल्या कामांचे पैसे कलाकारांना आठवड्यात, न विकलेली कामं प्लायसकट परत, वाचनालयाची पुस्तकं मोजून परत. हॉलच्या भिंतीवर चिकटवलेलं पेस्ट-अप गरम पाण्याने भिजवून पंधरा मिनिटांनी पत्र्याच्या पट्टीने काढलं की निघतं. रंग खरवडला गेला असेल तर तेवढ्या जागेला चुन्याचा हात मारूनच किल्ली द्या, म्हणजे पुढच्या वर्षी हॉल मागायला तोंड राहतं.